कलम 372 उचलले, कलम 13 विसरले : ब्रेक्झिट आणि कामगाराच्या जिवाचा कायदा

ब्रेक्झिटवर आंबेडकरी कार्यकर्त्याने का लिहावे, असे काही मित्र विचारतील. ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडला, त्यांचे पंतप्रधान एकामागून एक बदलले, हे आपण वर्तमानपत्राच्या विदेशी पानावर वाचले आणि पान उलटले. ते त्यांच्या घरचे भांडण, आपल्याला काय त्याचे?

मला वाटते, आपल्याला त्याचे बरेच काही आहे. कारण त्या भांडणात एक प्रश्न असा होता, जो 1947 साली आपल्याही दारात उभा होता. एखादा देश मोठ्या राजकीय रचनेतून बाहेर पडतो, तेव्हा त्या रचनेत असताना झालेल्या कायद्यांचे काय होते? त्यातही कामगाराचे हात, डोळे, फुप्फुसे आणि झोप वाचवणाऱ्या कायद्यांचे काय होते? ते पुढे कोण सांभाळतो, आणि कोणाच्या मर्जीवर सांभाळतो?

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात या प्रश्नाला दोन कलमांनी उत्तर दिले आहे : कलम 372 आणि कलम 13. ब्रिटिशांनी 2018 साली त्याच प्रश्नाला उत्तर देताना 372 सारखी तरतूद केली. 13 सारखी केलीच नाही. उलट त्या जातीचे जे काही हाताशी होते, तेही मागे टाकून दिले. त्याचा अर्थ काय, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी ब्रिटनच्या पदरात जे आहे ते त्यांना देऊ

कामगारांच्या सुरक्षेचा कायदा ब्रिटनला युरोपने शिकवला, असे म्हणणे खोटे होईल. 1833 च्या फॅक्टरी ॲक्टने तिथे सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमले. साऱ्या देशाला मिळून चार. पुढे दीडशे वर्षांत कारखान्यांचा वेगळा, खाणींचा वेगळा, दुकानांचा वेगळा असे कायदे साचत गेले. जो कामगार यातल्या कुठल्याच कायद्याच्या चौकटीत बसत नव्हता, त्याला कोणी वाली नव्हता.

1970 साली यावर लॉर्ड रोबेन्स यांची समिती नेमली गेली. हे रोबेन्स कोण? 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर कोळसा खाणीच्या मातीचा डोंगर घसरला. शाळा गाडली गेली. 116 मुले आणि 28 मोठी माणसे मेली. त्या वेळी ज्या राष्ट्रीय कोळसा मंडळाची ती माती होती, त्या मंडळाचे हे अध्यक्ष. सुरक्षेच्या कायद्याचा विचार करायला सत्तेला हाच माणूस सापडावा, यावरून राज्यकर्ता वर्ग सगळीकडे सारखाच, हे ध्यानात यावे.

तरीही त्या समितीच्या 1972 च्या अहवालातून निघालेला 1974 चा ‘हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क ॲक्ट’ हा मोठा कायदा होता. ज्याच्या धंद्यामुळे धोका निर्माण होतो, त्याने तो धोका आवरायचा, असे सरळ तत्त्व त्यात होते. कारखाना असो, शाळा असो की इस्पितळ, कायदा एकच. 1975 पासून त्याची अंमलबजावणी ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे एचएसई या संस्थेकडे आली. आजही ब्रिटनचा पाया हाच कायदा आहे. ब्रेक्झिटने त्याला हात लागला नाही, कारण तो युरोपचा नव्हताच.

पण याच कायद्याचे कलम 51 वाचा. खासगी घरात काम करणारे घरकामगार या कायद्याच्या बाहेर. मालकाच्या घरात फरशी पुसणारी बाई गरम तेलाने भाजली, तर हा कायदा तिच्यासाठी नाही. ‘सर्वांसाठी कायदा’ म्हणताना ‘सर्व’ या शब्दातून कोणाला गाळले, हे आधी बघायची सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली आहे. ती इथेही सोडू नये.

संघात राहून काय मिळाले

ब्रिटन 1 जानेवारी 1973 रोजी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात गेला. 1987 साली ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ हा करार लागू झाला. त्यात 118-अ हे कलम आले. कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेचे किमान नियम आता सदस्य देशांच्या बहुमताने ठरणार होते. एकट्या ब्रिटनला नकाराधिकार उरला नाही. या करारावर सही मार्गारेट थॅचर यांच्या सरकारची. खाणकामगारांचा संप मोडणाऱ्या बाईंनी बाजारपेठ खुली होते म्हणून सही केली आणि मागच्या दाराने कामगारांचा हक्क आत आला.

1989 साली महासंघाचा मूळ सुरक्षा निर्देश निघाला. त्याला धरून ब्रिटनने सहा नियमसंच केले, जे 1 जानेवारी 1993 पासून लागू झाले. मालकाने कामातल्या धोक्याची आगाऊ पाहणी करायची. ओझे उचलण्याचे काम टाळता येते का ते आधी बघायचे. यंत्राला संरक्षक जाळी हवी. कामाच्या जागी उजेड, हवा, पिण्याचे पाणी, संडास हवा. हेल्मेट-हातमोजे मालकाने फुकट द्यायचे. संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या डोळ्यांची काळजी घ्यायची. आजचा ब्रिटिश कामगार ज्याला ‘आपला कायदा’ समजतो, त्यातला बराच भाग असा आला.

खरी लढाई मात्र कामाच्या तासांवर झाली. 1993 च्या निर्देशाने आठवड्याला सरासरी 48 तासांची मर्यादा घातली, रोजची विश्रांती सांगितली, वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा सांगितली. हुजूर पक्षाचे सरकार युरोपीय न्यायालयात गेले. म्हणणे काय? कामाचे तास हा आरोग्य-सुरक्षेचा विषयच नाही, तेव्हा 118-अ खाली हा कायदा होऊ शकत नाही. 12 नोव्हेंबर 1996 रोजी न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या न्यायालयाने आधाराला घेतली. थकलेले शरीर हेही कायद्याच्या नजरेत आले. 1998 साली, सत्तांतरानंतर, ब्रिटनला हे नियम करावे लागले. लक्षात घ्या, औद्योगिक क्रांतीच्या त्या देशात त्याआधी बहुसंख्य कामगारांना पगारी रजेचा कायदेशीर हक्क नव्हता.

नियम करतानाही खोड गेली नाही. तेरा आठवडे सलग नोकरी झाल्याशिवाय रजेचा हक्क नाही, अशी अट ब्रिटनने घुसवली. चित्रपट आणि प्रसारण क्षेत्रातले कामगार तेरा आठवड्यांपेक्षा लहान कंत्राटांवर राबवले जात. एक संपले की दुसरे. वर्षभर काम करून रजा शून्य. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक’ देतात, त्याचाच हा विलायती भाऊ! त्यांच्या ‘बेक्टू’ या युनियनने खटला चालवला आणि 2001 साली युरोपीय न्यायालयाने ती अट मोडीत काढली.

महासंघ म्हणजे कामगारांचा तारणहार होता असे मात्र कोणी समजू नये. याच न्यायालयाने 2007 च्या अखेरीस ‘व्हायकिंग’ आणि ‘लाव्हाल’ या दोन खटल्यांत कंपन्यांच्या मुक्त संचारापुढे संपाचा हक्क आखडला. ब्रिटनची रेल्वे कामगारांची आरएमटी युनियन ‘बाहेर पडा’च्या बाजूने उभी राहिली, त्यामागे असा राग होता. महासंघाच्या 1989 च्या मूळ निर्देशातही घरकामगार वगळलेलेच आहेत. आणि संघात असतानाच, 2013 साली, डेव्हिड कॅमरन यांच्या सरकारने एक कायदा करून टाकला : सुरक्षा नियम मोडला म्हणून जखमी कामगाराला त्या नियमाच्या आधारे थेट भरपाई मागता येणार नाही, मालकाचा हलगर्जीपणा कामगारानेच सिद्ध करायचा. एचएसईचे सरकारी अनुदानही 2010 नंतरच्या दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आणले. हे करायला त्यांना ब्रेक्झिट लागले नाही.

मग संघात राहण्याचा फायदा काय होता? एकच, पण मोठा. पायाखाली एक फरशी होती. त्या फरशीच्या वर सरकारने हवे ते करावे. तिच्या खाली जाता येत नव्हते. लंडनमध्ये कोणाचेही बहुमत असो, 48 तासांचा नियम आणि पगारी रजा त्या बहुमताच्या हाताबाहेर होती.

सामान बांधताना काय घेतले, काय टाकले

23 जून 2016 रोजी सार्वमत झाले. 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. घोषणा होती : ताबा परत घ्या. आपण इथे एकच प्रश्न विचारायचा : ताबा कोणाच्या हातात?

कायद्याच्या दृष्टीने अडचण मोठी होती. महासंघाचे हजारो नियम एका रात्रीत गळून पडले असते, तर देश चालला नसता. म्हणून 2018 साली ‘युरोपियन युनियन विथड्रॉवल ॲक्ट’ झाला. बाहेर पडण्याच्या क्षणी जो युरोपीय कायदा लागू आहे, तो ब्रिटिश कायदा म्हणून पुढे चालू राहील, असे त्याने सांगितले. त्याला नाव दिले ‘राखून ठेवलेला कायदा’. सुरक्षेच्या नियमांत मग दुरुस्त्या झाल्या; पण त्या शब्दांच्या. जिथे युरोपीय आयोगाला कळवायचे होते, तिथे ब्रिटिश मंत्री किंवा एचएसई. जिथे ‘सदस्य देश’ होते, तिथे ‘युनायटेड किंग्डम’. एचएसईने मालकांना सांगितले, तुमची कर्तव्ये बदललेली नाहीत. आणि तेव्हा ते खरेही होते.

पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात एक ओळ आहे. महासंघाची ‘मूलभूत हक्कांची सनद’ ब्रिटिश कायद्याचा भाग राहणार नाही. त्या सनदेचे कलम 31 प्रत्येक कामगाराला आरोग्य, सुरक्षा आणि प्रतिष्ठा यांचा मान राखणाऱ्या कामाच्या परिस्थितीचा हक्क देते. प्रतिष्ठा! नियम सगळे बोटीत भरले. ज्या हक्काच्या पोटी ते नियम होते, तो हक्क बंदरावर सोडला.

काही गोष्टी तर शब्द बदलूनही आणता आल्या नाहीत. घातक रसायनांचा महासंघाचा ‘रीच’ नावाचा कायदा आहे. कंपनीने आपल्या रसायनाची माहिती हेलसिंकीच्या युरोपीय संस्थेकडे नोंदवल्याशिवाय ते विकता येत नाही. 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटनने स्वतःचा ‘यूके रीच’ सुरू केला आणि काम एचएसईकडे दिले. कायद्याचा मजकूर जवळपास तोच. पण ज्या माहितीच्या भांडारावर तो कायदा चालतो, ते भांडार हेलसिंकीत राहिले. नव्याने माहिती गोळा करायच्या मुदती पुढे ढकलाव्या लागल्या. रंगाच्या, रबराच्या, साफसफाईच्या द्रवाच्या वाफा हुंगणाऱ्या कामगारासाठी याचा अर्थ सरळ आहे : कायदा आहे, पण कायद्याच्या कपाटात कागद नाहीत.

यंत्रे आणि हेल्मेटवरच्या ‘सीई’ शिक्क्याचेही तसेच. त्याऐवजी स्वतःचा ‘यूकेसीए’ शिक्का आणला, त्याची सक्ती पुन्हा पुन्हा लांबवली आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले की बऱ्याचशा मालावर युरोपचा जुना शिक्काही बेमुदत चालेल. स्वाभिमानाचा शिक्का कपाटात, व्यवहाराला युरोपचाच! फरक एवढाच की त्या शिक्क्याचे नियम ठरवताना आता ब्रिटनला मत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तर माल आणि रसायनांच्या बाबतीत महासंघाचेच नियम लागू राहिले. एकाच राज्याच्या दोन भागांत रसायनांचे दोन कायदे.

24 डिसेंबर 2020 रोजी महासंघाशी व्यापार करार झाला. कामगार हक्कांची पातळी खाली आणायची नाही, असे त्यात आहे. पण शेपूट वाचा : व्यापारावर किंवा गुंतवणुकीवर परिणाम होईल अशा रीतीने खाली आणायची नाही. म्हणजे कामगाराचा हक्क गेला, हे पुरेसे नाही; त्यामुळे व्यापाऱ्याचे नुकसान झाले, हे सिद्ध झाले तर दाद. आणि ती दादही दोन सरकारांनी एकमेकांकडे मागायची. कामगाराला त्या करारावरून न्यायालयाचे दार उघडत नाही.

सूर्यास्ताचे विधेयक

‘राखून ठेवलेला कायदा’ राखणार कोण, हे 2022 साली कळले. सप्टेंबर 2022 मध्ये हुजूर सरकारने एक विधेयक आणले. त्यात ‘सूर्यास्त’ कलम होते. मंत्र्यांनी वाचवायचे ठरवले ते वगळून राखलेले सारे युरोपीय नियम 31 डिसेंबर 2023 च्या रात्री आपोआप रद्द. रद्द करण्यासाठी संसदेत चर्चा नको, मतदान नको. गप्प बसले की कायदा मेला. आणि असे कायदे एकूण किती, हे सरकारलाही माहीत नव्हते. मोजणी सुरूच होती आणि आकडा हजारांनी वाढत होता. कामाचे तास, पगारी रजा, ते 1993 चे सहा नियमसंच, ॲस्बेस्टॉसचे नियम, सगळे त्या फाशीच्या यादीत आपोआप जाऊन बसले.

कामगार संघटनांचा महासंघ टीयूसी ओरडला, सुरक्षा अधिकाऱ्यांच्या संस्था ओरडल्या. लॉर्ड्सच्या सभागृहात विरोध झाला. शेवटी मे 2023 मध्ये सरकारने माघार घेतली. उलटी पद्धत आली : जे रद्द करायचे त्याचीच यादी. जूनमध्ये कायदा झाला तेव्हा यादीत 587 नियम उरले आणि त्यातले बहुतेक कालबाह्य होते.

म्हणजे सगळे वाचले? नाही. त्याच कायद्याने 1 जानेवारी 2024 पासून युरोपीय कायद्याचे श्रेष्ठत्व आणि त्याची सर्वसाधारण तत्त्वे ब्रिटिश न्यायालयांतून काढून टाकली. आणि त्याच दिवशी आणखी एक बदल लागू झाला, ज्याची फारशी बातमी झाली नाही. 2019 साली युरोपीय न्यायालयाने म्हटले होते की मालकाने प्रत्येक कामगाराचे रोजचे तास मोजण्याची पद्धत ठेवलीच पाहिजे. मोजले नाही तर 48 तासांच्या मर्यादेला अर्थ नाही. ब्रिटिश सरकारने नियम करून सांगितले : रोजचे तास नोंदवण्याची गरज नाही. 48 तासांचा कायदा तसाच आहे. फक्त घड्याळ काढून घेतले!

ज्यांनी रोजगार हमीच्या मस्टरवर किंवा ठेकेदाराच्या हजेरी वहीवर भांडण केले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हक्क मारायचा असेल तर हक्क रद्द करत नाहीत. वही बंद करतात.

फुप्फुसातला धागा

आता एकच उदाहरण नीट बघू. नेली केरशॉ ही रॉचडेल गावच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात धागा कातणारी कामगार. 1924 साली 33 व्या वर्षी वारली. फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. तिच्या मृत्यूवरच्या वैद्यकीय लेखापासून या रोगाची दखल घेणे भाग पडले आणि 1931 साली ब्रिटनने ॲस्बेस्टॉस धुळीचे पहिले नियम केले. पूर्ण बंदीला मात्र 1999 उजाडले. आजही जुन्या धुळीमुळे ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे 5000 माणसे मरतात, असे एचएसईच सांगते.

सध्याचे ब्रिटिश नियम 2012 चे आहेत. ते कसे आले? ब्रिटनने निर्देश नीट राबवला नाही, असा ठपका युरोपीय आयोगाने ठेवला म्हणून. वरून टोचणी होती, म्हणून कायदा सुधारला. या नियमांत हवेतल्या तंतूंची मर्यादा दर घन सेंटिमीटरला 0.1 आहे. महासंघाने नोव्हेंबर 2023 मध्ये ती दहापट कडक केली : 0.01. सदस्य देशांना डिसेंबर 2025 पर्यंतची मुदत दिली. ब्रिटनवर ते बंधन नाही. त्यांच्या नियमात 0.1 तसेच राहिले.

बघा, इथे ब्रिटनने काहीही रद्द केले नाही. कुठल्याही मंत्र्याने कामगारांच्या विरोधात भाषण केले नाही. ब्रिटन नुसता जागेवर उभा राहिला. ‘राखून ठेवलेला’ कायदा असा असतो. तो त्या दिवसाचा फोटो असतो. पुढच्या वर्षी विज्ञान काय सांगते, ते फोटोला कळत नाही.

बाबासाहेबांचे उत्तर

आता आपल्या दारातल्या प्रश्नाकडे येऊ. ब्रिटिश साम्राज्य हा स्वखुशीचा संघ नव्हता, ती गुलामी होती. पण 15 ऑगस्ट 1947 ला कायद्याची अडचण तीच होती. फॅक्टरी ॲक्ट, खाण कायदा, भरपाईचा कायदा, सारे साम्राज्याच्या काळातले. ते चालू ठेवले गेले आणि राष्ट्रपतींना कलम 372 खाली त्यांचे शब्द बदलायचा अधिकार मिळाला. 1950 च्या आदेशाने शेकडो कायद्यांचे शब्द बदलले गेले. इथपर्यंत ब्रिटनच्या 2018 च्या कायद्यात आणि आपल्यात फरक नाही.

फरक कलम 13 मध्ये आहे. जुना कायदा चालू राहील, पण तो मूलभूत हक्कांच्या चाळणीतून गाळून. जेवढा विसंगत, तेवढा रद्द. आणि पुढे होणारा कायदाही त्याच चाळणीतून. 372 म्हणजे गाठोडे, 13 म्हणजे चाळणी.

ही चाळणी का हवी, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यात धागा ओवायला तो तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. धोटा तोंडाने ओढण्याची ही पद्धत लँकेशायरच्या गिरण्यांतली. तिथे ती आरोग्याचा प्रश्न होती : एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात, म्हणजे रोगाला आमंत्रण. आपल्याकडे यंत्राबरोबर ती पद्धत आली आणि जातीचे हत्यार बनली. फॅक्टरी ॲक्ट तर 1881 पासून होता! पण कायदा आणि इन्स्पेक्टर दोघेही या प्रश्नापाशी मुके. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, तेव्हा संपाच्या मागण्यांत त्याला किती जागा मिळाली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. बहुसंख्य कामगारांची युनियनसुद्धा अल्पसंख्य कामगाराचा हक्क आपोआप सांभाळत नाही, हा त्यातला धडा.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. ब्रिटनला सर्वसाधारण 48 तासांचा नियम 1998 साली, तोही न्यायालयात हरल्यावर, करावा लागला. हे वाक्य आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे.

आणि मार्च 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी थेट मुद्दा मांडला : आर्थिक रचना आणि तिच्यातले संरक्षण साध्या कायद्यावर सोडू नका, ते संविधानातच लिहा, म्हणजे संसदेतले आज आलेले, उद्या गेलेले बहुमत ते मोडू शकणार नाही. ब्रेक्झिटनंतरच्या ब्रिटनचे निदान याहून नेमके मला कुठे वाचायला मिळाले नाही. तिथे संसद सार्वभौम आहे. तिच्या वर लिखित संविधान नाही. युरोपची फरशी काढल्यावर कामगाराच्या पायाखाली फक्त संसदेतले बहुमत उरले. 2022 साली एका पक्षाचे बहुमत होते, सूर्यास्ताचे विधेयक आले. 2024 साली मजूर पक्षाचे आले, वारे फिरले. उद्या आणखी कोणी येईल. हक्क असा वाऱ्यावर हलत असेल, तर तो हक्क नव्हे, कृपा आहे.

चाळणीला गंज चढू देऊ नका

इथे थांबून टाळ्या वाजवल्या तर लेख वाया गेला. 1947 चे ते संपूर्ण म्हणणे संविधान सभेने स्वीकारले नाही. कामगाराच्या आरोग्याची तरतूद कलम 39 (ङ) मध्ये, कामाच्या माणुसकीच्या परिस्थितीची कलम 42 मध्ये गेली. म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, जिथून थेट न्यायालयात जाता येत नाही. तरीही चाळणी कामाला आली. 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्या. के. रामस्वामी यांनी लिहिलेल्या निकालात, कामगाराचे आरोग्य हा कलम 21 खालचा मूलभूत हक्क ठरवला आणि नोकरी संपल्यावरही आरोग्याच्या नोंदी जपण्याचे आदेश दिले. ब्रिटिश कामगाराला संसदेच्या कायद्यावर बोट ठेवून असे काही मागता येत नाही.

पण निकाल लागून तीस वर्षे झाली आणि ॲस्बेस्टॉसचा माल देशात अजून येतो आहे, पत्रे बनताहेत. ते पत्रे कुठे लागतात? आपल्या वस्त्यांवर. उन्हाळ्यात पत्रा तापला म्हणून त्याला भोक पाडून पंख्याची वायर घेणारा पोरगा कोणाचा असतो, आणि मोडलेले पत्रे तोंडाला फडकेही न बांधता उचलणारे हात कोणत्या जातीचे असतात, हे तुम्ही जाणता.

सप्टेंबर 2020 मध्ये, विरोधकांच्या बहिष्कारात, संसदेने व्यावसायिक सुरक्षेची संहिता मंजूर केली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. 13 कायदे तिच्यात विरघळले. फॅक्टरी ॲक्टमध्ये विजेवर चालणारा कारखाना म्हणजे 10 कामगार, आता 20. विजेविना 20 होते, आता 40. इन्स्पेक्टरचे नाव ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’. तपासायला येणाऱ्याच्या नावातच मालकाची सोय! आणि गटारात तीन-चार माणसे उतरवणारा ठेकेदार दहाच्या आकड्याजवळही जात नाही. गटारमृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख ठरवली, 2023 मध्ये 30 लाख केली. भरपाई मेल्यावर मिळते. सुरक्षेचा कायदा जिवंतपणी लागतो.

ब्रिटनने सूर्यास्ताचे कलम उघड आणले म्हणून निदान ओरड झाली. आपल्याकडे आकडा बदलला, 10 चे 20 झाले, आणि किती कामगार कायद्याच्या बाहेर पडले याची चर्चा आपल्या वस्तीतही झाली नाही. दोष एकट्या सरकारचा नाही. आपण कामगार कायदा युनियनवाल्यांचा विषय समजून सोडून दिला. जयंतीला बाबासाहेबांना ‘घटनेचे शिल्पकार’ म्हणतो, त्यांच्यातला मजूरमंत्री फोटोमागे राहतो.

तेव्हा कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे. आपल्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत 20 पेक्षा कमी कामगारांचे किती कारखाने आहेत, ते मोजा. सफाईचा ठेका कोणाकडे, माणसे किती, उतरण्यापूर्वी वायूची तपासणी होते का, हे माहिती अधिकारात विचारा. वस्तीत ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांच्या आरोग्याच्या नोंदी मागा. 1995 चा निकाल हातात घेऊन मागा. आणि राज्याचे नियम वाचताना प्रत्येक कलमापाशी थांबून बघा : यातून कोणाला गाळले आहे?

ब्रिटिश कामगाराच्या हातात आज गाठोडे आहे, चाळणी नाही. आपल्याला बाबासाहेबांनी दोन्ही दिले. वापरायचे हात आपले आहेत.

जयभीम.